आजोबांच्या टेबलावरचं पॉलिश: खरवडून काढू की आहे तेच सांभाळू?

आरामखुर्ची

नमस्कार मंडळी, लाकूडकामातलं कळणारे बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतेय. आजोबांचं लिहायचं टेबल माझ्याकडे आलंय. सागवानी, चार खण, वरची फळी तीन फळ्या जोडून केलेली. लाकूड ठणठणीत आहे, एक सांधा हललेला नाही, पण पॉलिशची अगदी दशा झालीये. डाव्या कोपऱ्यात गरम भांडं ठेवल्याचं पांढरं वर्तुळ, फुलदाणी असायची तिथे काळा डाग, आणि पुढच्या कडेला जिथे लिहिताना त्यांचे हात टेकायचे तिथलं पॉलिश पार उडालंय, तिथे हात फिरवला की लाकूड साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत लागतं.

पॉलिशवाल्यांना बोलावलं होतं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले सगळं मशीनने घासू, दोन हात सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा खालचा थर), वर पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन, आरसा होईल. मी हो म्हणणारच होते पण त्या हात टेकायच्या जागेवर मशीन फिरणार या विचाराने थांबले. मला आरसा नकोय हो. पण डाग तसेच ठेवून रोज वापरणंही जमणार नाही, मी या टेबलावर रोज सहा-सात तास काम करणार आहे. लॅकर, पीयू, मेलामाईन, फ्रेंच पॉलिश, तेल, वॅक्स... काय करू? आणि नंतर रोजची निगा कशी राखायची?

पाचर

त्या पॉलिशवाल्यांना आठवडाभर थांबायला सांगा. आत्ता टेबलावर काय आहे हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही, आणि ते कळायला पाच मिनिटं पुरतात.

न दिसणारी जागा शोधा, मागच्या पायाची आतली बाजू वगैरे. कापसाच्या बोळ्यावर पॉलिशचं स्पिरिट घ्या आणि अर्धा मिनिट तिथे टेकवून ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळ्याला तांबूस-पिवळा रंग लागला तर तो चपडा आहे, म्हणजे लाख, म्हणजे आपण ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो ते. स्पिरिटला काहीच झालं नाही तर शेजारी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा बोळा लावा, त्याने मऊ पडलं तर एनसी लॅकर. थिनरलाही नुसतं सुरकुतलं किंवा ढिम्म राहिलं तर तेलाचं व्हार्निश, पीयू, मेलामाईन यापैकी काहीतरी. आणि मुळात पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लाकडात मुरून गडद ठिपका पडला तर वर थर असा नाहीच, नुसतं तेल किंवा वॅक्स असेल नाहीतर तेही उडालेलं असेल.

हे इतकं का, तर फिनिशचे मुळात दोन स्वभाव असतात. चपडा आणि एनसी लॅकर नुसते सुकतात, म्हणजे त्यातलं स्पिरिट किंवा थिनर उडून जातं आणि राळ मागे राहते. त्यामुळे पुन्हा तेच द्रावण लावलं की ते पुन्हा विरघळतात, नवा हात जुन्यात मिसळून जातो, जोड दिसत नाही. पीयू, मेलामाईन, तेलाचं व्हार्निश यांचं सुकताना रसायनच बदलतं, रेणू एकमेकांना बांधले जातात, आणि एकदा बांधले गेले की मूळ थिनरलासुद्धा दाद देत नाहीत. म्हणून ते दणकट. पण म्हणूनच नवा हात जुन्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो, त्याला धरायला खाली बारीक ओरखडे काढून द्यावे लागतात, आणि मधेच खोल चरा पडला तर तेवढाच बेमालूम भरणं फार अवघड असतं.

पहिल्या दिवशी कसं दिसेल हे सगळेच बघतात. मी घरात कुठलंही लाकूड रंगवायच्या आधी विचारतो की पाच वर्षांनी यावर चरा पडला तर मी काय करणार. बोळा घेऊन अर्ध्या तासात दुरुस्त करू शकणार असेन तर थोडं नाजूक फिनिश मला चालतं. तुमचं टेबल जुनं आहे, माझा अंदाज चपडा. टेस्ट करून सांगा.

गिरमिट

पाचर यांच्याशी अर्धा सहमत. पीयूला उगाच झोडपू नका कुणी, ते का आलं ते बघा. पॉलीयुरेथेनचं रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधलं आणि नंतर ते फरशीपासून फर्निचरपर्यंत सगळीकडे पोचलं कारण ते पाणी, स्पिरिट, गरम भांडं आणि मुलांची खेळणी हे सगळं सोसतं. चपड्यावर सॅनिटायझरचा थेंब पडला तरी डाग पडतो, त्यात अल्कोहोल असतं ना. ज्या घरात दोन लहान मुलं टेबलावर रंगकाम करतात तिथे फ्रेंच पॉलिश करून कशाला जिवाला घोर लावून घ्यायचा. आमच्या मुलांच्या टेबलावर पीयू आहे, सात वर्षं झाली, ओल्या फडक्याने पुसतो, विषय संपला.

फक्त ते नीट लावलं पाहिजे आणि तिथेच बहुतेकांचं बिनसतं, माझंही बिनसलंय. एका जुन्या कपाटावर पीयू मारला आणि ब्रश फिरला तिथे तिथे माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे, मधे थर धरायलाच तयार नाही. घासलं, परत मारलं, परत तेच. शेवटी कळलं की आधी वर्षानुवर्षं त्या कपाटावर चमक आणणारा स्प्रे मारला जात होता, त्यात सिलिकॉन, आणि ते लाकडाच्या रेषांमध्ये मुरलेलं. मग टर्पेंटाईनने चार वेळा पुसून, प्रत्येक वेळी नवं फडकं घेऊन, वर वॅक्स काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात दिला आणि त्यावर पीयू बसलं. 'वॅक्स काढलेला' हे मुद्दाम लिहितोय, साध्या चपड्यात थोडं नैसर्गिक वॅक्स असतं आणि त्यावर पीयू घट्ट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

बाकी पातळ थर द्यायचे, डबा हलवायचा नाही तर ढवळायचा (हलवला की बुडबुडे, बिनचमकीच्या मॅट पीयूचा असेल तर तळाशी बसलेली पावडर ढवळल्याशिवाय मॅट येतच नाही), दोन हातांच्या मधे ३२० चा घासायचा पेपर हलक्या हाताने, धूळ पुसायची, मग पुढचा. तेलाच्या पीयूला हातांमधे साधारण एक दिवस सोडा, पाण्याच्या पीयूला काही तासच लागतात. आणि सुकलं म्हणजे पक्कं झालं असं नसतं, तेलाचं पीयू पूर्ण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोवर त्यावर टेबलक्लॉथ, रबरी पायांचा लॅम्प, मॅट असलं काही ठेवू नका, छाप उमटतो आणि तो जात नाही.

निळीशाई

मी तेलवाली आहे, त्यामुळे तेलाची बाजू मांडते. लाकडावर प्लास्टिकचा थर नको वाटत असेल तर जवसाचं तेल किंवा टंग तेल बघा. ही वाळणारी तेलं आहेत, हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडाच्या आत घट्ट होतात. खोबरेल किंवा पॅराफिन तेल वाळत नाही, ते लावलं की काही दिवस छान दिसतं मग त्यावर धूळ बसून मेणचट होतं, ते नका लावू. कच्चं जवसाचं तेल वाळायला आठवडे घेतं, म्हणून 'बॉइल्ड' लिहिलेलं घ्यायचं. नावात उकळलेलं असलं तरी बहुतेक वेळा त्यात वाळवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात. डॅनिश ऑइल नावाला ठरलेली अशी कृती नाही, साधारणपणे तेल, व्हार्निश आणि थिनरचं मिश्रण, प्रत्येक डब्यात वेगळं, त्यामुळे डब्यावरचं वाचून घ्या.

लावायचं कसं, तर भरपूर लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि मग सगळं पुसून काढा, म्हणजे अगदी कोरडं फडकं फिरवून. वर राहिलेलं तेल चिकट कातडीसारखं होतं. दुसऱ्या दिवशी परत. असे तीन-चार हात. चरा पडला तर तेवढाच भाग बारीक पेपरने घासून परत तेल, बास.

आणि आता कृपया नीट वाचा. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, फडकं पसरलेलं असेल तर ती निघून जाते, बोळा केलेला असेल तर आतच साठत जाते आणि काडी न लावता फडकं पेट घेतं. १९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा नावाच्या इमारतीत बाविसाव्या मजल्यावर लागलेली आग अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांनी सुरू झाली होती, तीन अग्निशमन जवान त्यात गेले. माझ्याकडे फडकी बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळतात, पुठ्ठ्यासारखी कडक झाली की मगच कचऱ्यात. लगेच टाकायची असतील तर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. तेलाच्या व्हार्निशच्या फडक्यांनाही हेच लागू.

ओंडका

वाचतोय. निळीशाई, फडक्यांचं माहीतच नव्हतं, आत्ता उठून गॅलरीतली पिशवी उघडून आलो.

एक शंका, दरवर्षी तेल दिलं की लाकडाला पोषण मिळतं, नाहीतर ते आतून सुकतं असं म्हणतात ते खरंय का?

पाचर

नाही. लाकूड झाड असताना जे काही घ्यायचं ते घेऊन झालेलं असतं, फर्निचरमधलं लाकूड काही पीत-खात नाही. ते हवेतली आर्द्रता मात्र घेतं आणि सोडतं, त्याने आडवं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. तडे जातात ते या हालचालीने. फिनिशचं काम ही देवाणघेवाण संथ करणं, पूर्ण थांबवणं कुठल्याच फिनिशला जमत नाही, आणि नुसतं तेल-वॅक्स तर यात सगळ्यात कमी पडतं. म्हणूनच नवीन फळी करताना वरून जेवढे हात तेवढेच खालून द्यावेत, नाहीतर एक बाजू पटकन ओल घेते, दुसरी हळू, आणि फळी वाटीसारखी वाकते. (आरामखुर्ची, तुमच्या टेबलाची खालची बाजू कोरी असेल तर घाबरू नका, जुन्या कामात तसं खूप असतं. इतकी वर्षं सरळ राहिलंय तर तिला हात लावायची गरज नाही.)

आरामखुर्ची

टेस्ट केली! मागच्या पायाला आतून. स्पिरिटचा बोळा टेकवला, वीस सेकंदांत खालचं चिकट झालं, आणि बोळ्यावर विटकरी रंग. पाचर, तुमचा अंदाज बरोबर. आणि मंडळी, तो वास आला ना स्पिरिट आणि लाखेचा एकत्र, मला एकदम आजोबांची खोली आठवली. म्हणजे त्यांच्या काळातलंच पॉलिश आहे हे.

आता खरवडायचं नाही हे माझं पक्कं झालंय. पुढे काय?

पाचर

मग तीन जागांचं तीन वेगळं काम आहे.

पांढरं वर्तुळ सोपं आहे. पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशच्या थरातच अडकलीये, लाकडापर्यंत गेलेली नाही. कापूस धुवट सुती कापडात गुंडाळून लिंबाएवढा बोळा करा, कापडाला सुरकुती नको. त्यावर स्पिरिटचे मोजून चार-पाच थेंब, मग बोळा कोऱ्या कागदावर दाबून घ्या. हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा, गार लागला पाहिजे, ओला नाही. आता विमान धावपट्टीला टेकून परत उडतं तसा बोळा डागावरून ओझरता न्यायचा, रेषांच्या दिशेने, थांबायचं अजिबात नाही. बोळा थांबला की चिकटतो आणि खालचं पॉलिश उचकटून घेतो. बरोबर जमलं असेल तर बोळ्यामागे काचेवर श्वास सोडल्यासारखी धूसर रेघ उमटते आणि लगेच विरते. आठ-दहा वेळा फिरवा, पंधरा मिनिटं थांबा, मग परत. इस्त्रीने डाग काढायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच, ती चपड्यावर करू नका, चपडा उष्णतेने मऊ पडतो.

काळा डाग वेगळा. तिथे पाणी पॉलिश पार करून लाकडात गेलंय आणि लोखंडाचा अंश आणि लाकडातलं टॅनिन मिळून काळं झालंय, बहुतेक फुलदाणीचा तळ धातूचा असणार. घासून जात नाही, खोल असतो. तिथलं पॉलिश स्पिरिटने काढून कोऱ्या लाकडावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण लावावं लागेल. हे विषारी आहे, हातमोजे, चष्मा, मुलं आणि प्राणी लांब. नुसत्या डागावर लावलंत तर तिथेच फिकट ठिपका पडेल, म्हणून सांध्यापासून सांध्यापर्यंत ती एक फळी पूर्ण करा. वाळल्यावर दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने पुसून काढा, मागे राहिलेली पांढरी भुकटी कोरडी घासू नका, ती नाकात गेली की फार झोंबते. मग दोन दिवस वाळू द्या.

शेवटी संपूर्ण वरच्या फळीवर नवा चपडा. १०० मिली स्पिरिटला २५ ग्रॅम चपड्याची सुकी पापडी, रात्रभर विरघळू द्या, जुन्या गंजीफ्रॉकच्या कापडातून गाळा. लागेल तेवढाच करा, द्रावण जुनं झालं की नीट सुकतच नाही, सहा महिन्यांपूर्वीचं असेल तर आधी काचेवर थेंब टाकून बघा. दमट दिवशी काम करू नका, हवेतली ओल थरात अडकून सगळं पांढुरकं होतं. खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नको.

गिरमिट

मी पीयूवाला असूनही सांगतो, या टेबलाला पाचर म्हणतायत तेच करा. पण रोज सहा-सात तास काम करणार आहात तर लॅपटॉप आणि हाताखाली एक चामड्याचा किंवा लोकरी फेल्टचा मोठा तुकडा टाका. प्लास्टिकची मॅट नको, मऊ प्लास्टिकमधली रसायनं पॉलिशमध्ये उतरतात आणि दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात.

निळीशाई

खण आतून रंगवू नका, निदान तेलाने तरी नाही, बंद जागेत तो वास वर्षानुवर्षं जात नाही. कोरे असतील तर कोरेच राहू द्या, अगदीच वाटलं तर चपड्याचा एक पातळ हात.

ओंडका

धागा पळवत नाही, पण गॅलरीतल्या खुर्चीला यातलं काय चालेल? अर्धा दिवस ऊन असतं तिथे.

गिरमिट

चपडा, एनसी, घरातलं पीयू, काहीच नको. उन्हातली अतिनील किरणं पारदर्शक थरातून आरपार जातात आणि खालच्या लाकडाचा वरचा पापुद्राच सुटा होतो, मग वरचं फिनिश सालीसारखं निघतं. बाहेरच्यासाठी अतिनील रोखणारं, थोडं लवचिक स्पार व्हार्निश मिळतं, ते सुद्धा चमक उतरायला लागली की लगेच वरून घासून नवा हात द्यायचा, तडकायची वाट बघायची नाही. पायांच्या तळाला सगळ्यात जास्त द्या, ओल तिथूनच चढते. खुर्ची सागवानी असेल तर काहीच न लावता ठेवणं हाही मार्ग आहे, ती रुपेरी करडी पडते पण टिकते.

पाचर

रोजच्या निगेचं राहिलं होतं. कोरड्या मऊ फडक्याने धूळ, कधीतरी किंचित ओलसर करून लगेच कोरडं. काच पुसायचा स्प्रे नको, बऱ्याच स्प्रेंमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असतं आणि दोन्ही चपड्याला मारक. वर्षातून एकदा पेस्ट वॅक्स, बोटाच्या पेराएवढं, पातळ फासून चकाकवायचं. वॅक्स ओरखडे झेलायला असतं, पाणी अडवायला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि नुसतं मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं त्यामुळे गरम भांड्याखाली काहीतरी हवंच. वॅक्सवर वॅक्स चढवत गेलात की मेणचट थर साठतो, तो टर्पेंटाईनने पुसला की जातो, चपड्याला टर्पेंटाईनने काही होत नाही.

आरामखुर्ची

सव्वा महिन्याने लिहितेय. पांढरं वर्तुळ दुसऱ्या बैठकीत गेलं. ती धूसर रेघ उमटून विरते ना, ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच खोलीत "आलं, आलं" म्हणून ओरडले. एकदा बोळा थांबला आणि रुपयाएवढा तुकडा उचकटला, पण दोन दिवस तसाच ठेवून वर परत चपडा फिरवला तर तो आता शोधावा लागतो.

काळा डाग पूर्ण गेला नाही. तीन वेळा अ‍ॅसिड लावल्यावर काळ्याचा फिका करडा झाला, तिथे थांबले. पाचर म्हणाले तसं पूर्ण फळी केली म्हणून ठिपका पडला नाही, चपडा चढल्यावर तिन्ही फळ्या साधारण एका रंगाच्या दिसतात. वर सहा पातळ हात आहेत.

पुढच्या कडेला मात्र पेपर लावलाच नाही. नुसतं स्पिरिटने पुसून दोन हात दिले, बास. वॅक्स अजून लावायचंय, पाचर, तीन आठवडे थांबू का अजून? आत्ता त्याच कडेला मनगटं टेकवून हे टाइप करतेय, खोलगट जागा अगदी हाताच्या मापाची आहे.

पाचर

महिनाभर थांबा. चपडा वरून लगेच कोरडा लागतो पण सहा हात घट्ट व्हायला वेळ जातो. आणि फोटो टाका त्या कडेचा, तिरप्या उजेडात काढलेला.